सांगलीत वडिलांच्या ऑपरेशनसाठी कुठली संस्था मदत करते?

देणगीच्या मागे नंतर लागा. आधी बघा, दवाखाना धर्मादाय नोंदणीचा आहे का. सांगली-मिरजेत ट्रस्टचे दवाखाने आहेत. अशा रुग्णालयांना १०% खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १०% दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्याच लागतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड ॲडमिट होण्याआधीच काढून ठेवा. आम्ही डिस्चार्जच्या दिवशी पळापळ केली, सवलत हुकली! काउंटरवर विचारू नका, तिथं "नाही" हेच ऐकू येतं. थेट दवाखान्यातल्या समाजसेवकाला भेटा. टाळाटाळ झाली तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. महात्मा फुले या सरकारच्या मोफत उपचार योजनेत आजार बसतो का, तेही विचारा. मुंबईचा सिद्धिविनायक न्यासही उपचारांना मदत करतो.