तुम्ही विचारलंत: बोलिन्हा, आकाशकंदील, क्रोशाचा रुमाल आणि पहिली मुंबई

चवथ आटोपली. आता दिवाळी, मागोमाग नाताळची सुट्टी. या वेळच्या प्रश्नांत दोन्हींची तयारी दिसते. एक गोष्ट आधीच सांगतो. गोव्याच्या हवेत ओल असते आणि खालच्या काही उत्तरांत तिचा विचार करावा लागतो.

नाताळात शेजारी द्यायला म्हणून बोलिन्हा (रवा-नारळाची गोड बिस्किटं) करून पाहिल्या. २५० ग्रॅम रवा, तेवढीच साखर, एक नारळ आणि तीन अंडी. मिश्रण थंड झाल्याबरोबर वळल्या. ट्रेवर पसरून चपट्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या. चूक कुठे झाली? — एक वाचक, फोंडा

चुका दोन. अंडी जास्त झाली आणि रव्याला वेळ मिळाला नाही. रवा ओल सावकाश पितो. मिश्रण गार झालं म्हणून तो मुरला असं नव्हे. न मुरलेल्या रव्याभोवती साखरेचा पाक मोकळाच राहतो, ओव्हनमध्ये पातळ होतो आणि बोलिन्हा बसतात.

तुमचं रव्याचं आणि साखरेचं माप बरोबर आहे. रवा मात्र बारीक घ्या आणि मंद आचेवर पाच-सहा मिनिटं भाजा, रंग बदलू देऊ नका. खवलेला नारळ २०० ग्रॅम लागतो, एका मोठ्या नारळाचा साधारण तेवढा निघतो. नारळ पक्का, जून हवा. कोवळ्या नारळात पाणी फार. खवल्यावर तो पाणी न घालता मिक्सरमध्ये एकदोनदा फिरवून भरड करा. साखरेत १२५ मिली पाणी घालून एकतारी पाक करा, त्यात नारळ घालून पाच मिनिटं शिजवा, मग रवा, चमचाभर तूप आणि पाव चमचा मीठ. मिश्रण भांड्याची कड सोडू लागलं की उतरवा. पाक दोनतारीवर गेला तर बोलिन्हा दगडासारख्या होतात, म्हणून तार पाहताना गॅस बारीकच ठेवा.

आता झाकून रात्रभर ठेवा, आठ तास तरी. सकाळी दोन अंड्यांचा बलक आणि एकाच अंड्याचा पांढरा भाग फेटून मिसळा, आठ-दहा वेलदोड्यांची पूड घाला आणि आणखी तासभर थांबा. लिंबाएवढे गोळे करा, ट्रेवर कोरडा रवा भुरभुरवा आणि काट्याने वरून उभ्याआडव्या रेघा दाबा. दाबताना कडेला चिरा गेल्या तर मिश्रण कोरडं आहे, चमचाभर दूध पुरतं. काट्याला चिकटलं तर अर्धा तास आणखी ठेवा. रवा वाढवू नका, तो कच्चा लागतो.

ओव्हन १७० अंशांवर १५ मिनिटं तापवून घ्या, ट्रे मधल्या खणात, वेळ २० ते २५ मिनिटं. बोलिन्हा गरम असताना मऊच लागतात, निवल्यावर कडक होतात. म्हणून बोटाने दाबून पाहू नका, एक उलटी करून तळ पाहा. तो फिका तपकिरी झाला की ओव्हन बंद करा आणि दार किंचित उघडं ठेवून दहा मिनिटं आतच राहू द्या. मधली ओल तेव्हा निघते. मग जाळीवर दोन तास. कोमट असताना डब्यात भरल्या की वाफ झाकणाला धरते आणि दुसऱ्या दिवशी तुमच्यासारखी गत होते. मऊ पडलेल्या टाकू नका. १३० अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवून पूर्ण गार केल्या की पुन्हा खुसखुशीत होतात.

केक छान वर येतो आणि मग मध्ये खड्डा पडतो. बेकिंग पावडर वाढवून पाहिली, तरी तेच. — एक वाचक, डिचोली

वाढवल्यामुळेच. १२५ ग्रॅम मैद्याला सपाट एक चमचा पुरे, फार तर सव्वा. जास्त झाली की बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पीठ घट्ट होण्याआधीच फुटतात. तरी आधी पावडर जिवंत आहे का ते पाहा. पाव कप गरम पाण्यात अर्धा चमचा टाका. खळखळून फेस आला तर ठीक, नुसती विरघळली तर टाकून द्या. आपल्याकडे उघडलेला डबा एका पावसाळ्यात निकामी होऊ शकतो, म्हणून लहान डबा घ्या आणि उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. ओव्हनचं दार पहिली २५ मिनिटं उघडायचं नाही, हे आहेच.

घरी बांबूचा पारंपरिक आकाशकंदील करतो. टांगल्यावर दोन दिवसांत एका बाजूला कलतो आणि कागद सैल पडतो. बाजारच्या प्लॅस्टिकपेक्षा हाच हवा आहे. — एक वाचक, साखळी

हा हट्ट आम्हाला आवडला. तेव्हा नीटच सांगतो.

आपला नेहमीचा कंदील म्हणजे सारख्या मापाचे सहा चौकोन, कोपऱ्याला कोपरा बांधलेले. एक वर, एक खाली आडवा, आणि चार बाजूंना कोपऱ्यावर उभे. कामट्या एकूण २४, गाठींच्या जागा १२, आणि चौकोनांच्या मध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. त्रिकोण हलत नाही. चौकोन हलतो, तिरका होतो. तुमचा कंदील कलतो त्याचं कारण हेच. गाठी कितीही घट्ट बांधल्या तरी चौकोनाला कर्ण मिळेपर्यंत तो स्थिर होत नाही.

कामटी २२ सेंमीची काढा आणि दोन्ही टोकांना १ सेंमी सोडून खूण करा. गाठ खुणेवर, म्हणजे चौकोनाची बाजू २० सेंमी. जाडी चार-पाच मिलिमीटर. बांबू पावसाळ्यात तोडलेला असेल तर चिरून आठ-दहा दिवस सावलीत वाळवा. ओली कामटी नंतर आकसते आणि दोरा ढिला होतो. प्रत्येक चौकोन बांधला की दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे, २८.३ सेंमी, भरले तरच तो काटकोनात आहे. सुती दोरा खळीत बुडवून बांधलात तर वाळल्यावर गाठ सरकत नाही.

सहा चौकोन एकत्र बांधून झाल्यावर वरच्या आणि खालच्या चौकोनात एकेक कामटी कर्णावर बांधा. वरच्या कामटीला पुढे दिव्याचा होल्डर बसतो. बाजूच्या चार चौकोनांत कामटी घातली तर सावली पडते, म्हणून तिथे पांढरा दोरा फुलीसारखा दोन्ही कर्णांवर ताणून बांधा. असा सांगाडा जमिनीवर ठेवून वरून हलका दाबा. डुगडुगला तर कागद लावूच नका, आधी दोरे ताणा. लहान, दहा सेंमी बाजूचा कंदील करायचा असेल तर माडाच्या पातीतल्या काड्या, म्हणजे हीरसुद्धा चालतात आणि मुलांना त्या सोप्या जातात.

खळीसाठी एक कप पाण्यात दोन मोठे चमचे मैदा गाठी मोडून कालवा आणि पारदर्शक दिसेपर्यंत तीन-चार मिनिटं शिजवा. आपल्या हवेत तिला बुरशी धरते आणि झुरळं कागद खातात, म्हणून गार झाल्यावर चिमूटभर मोरचूद मिसळायची रीत आहे. मोरचूद विषारी असते. वेगळं भांडं, वेगळी काडी घ्या आणि हे काम मुलांच्या हाती देऊ नका.

पतंगी कागद बाजूच्या चार चौकोनांना आणि आठ त्रिकोणांना लागतो. वर-खाली मोकळं ठेवायचं. प्रत्येक तुकडा सगळीकडून दीड सेंमी मोठा कापा, खळ कागदाला न लावता कामटीला लावा आणि एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे ओढत बसवा. कागदाला खळ लावली की तो भिजून फुगतो, ओढताना फाटतो किंवा सुरकुततो. सगळं रात्रभर वाळू द्या, झिरमिळ्या दुसऱ्या दिवशी. दिवा ५ ते ७ वॅटचा एलईडी. कंदिलाचा भार वायरवर टाकू नका, स्वतंत्र दोरी बांधा. दिवाळीत पावसाची सर आलीच तर खळ सुटते, म्हणून टांगायची जागा पागोळीच्या आत निवडा.

क्रोशाचा गोल रुमाल विणताना वाटीसारखा वर वळतो. — एक वाचक, मडगाव

टाके कमी पडताहेत. साध्या खांबांचा (उंच टाक्यांचा) गोल सपाट राहायला पहिल्या फेरीत १२ खांब लागतात आणि पुढे प्रत्येक फेरीत १२ वाढवायचे: २४, ३६, ४८. मुक्या खांबांचा (बुटक्या टाक्यांचा) असेल तर ६ ने सुरुवात, दर फेरीला ६ ची वाढ. वाटी झाली म्हणजे वाढ कमी किंवा हात घट्ट, झालर पडली तर वाढ जास्त. वाढ नेहमी एकावर एक आली तर गोलाचा षटकोन, बारकोन होतो, म्हणून दर फेरीला जागा थोडी सरकवा. थोडी वाटी असेल तर उसवू नका. ओला करून टाचण्यांनी ताणून वाळवा, बसतो.

नाताळच्या सुट्टीत पहिल्यांदाच मुंबई. मी, पती, ७ आणि ११ वर्षांची मुलं आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. चार दिवस आहेत. थिवीहून कशी गाडी घ्यावी, काय पाहावं? केकचं सामानही आणायचं आहे. — एक वाचक, म्हापसा

पहिल्या खेपेला कोकणकन्या. संध्याकाळी बसायचं, पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी). मांडवी, जनशताब्दी, वंदे भारत दिवसा धावतात खऱ्या, पण मुंबईत रात्री पोचवतात. अनोळखी शहरात मुलं, म्हातारं माणूस आणि बॅगा घेऊन रात्री हॉटेल शोधणं टाळा. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. २५ डिसेंबरला निघायचं तर २६ ऑक्टोबरला सकाळी आठला तयार राहा, आणि २९ च्या परतीसाठी ३० ऑक्टोबर. नाताळात तत्काळवर विसंबू नका. सासूबाईंसाठी खालचा बर्थ मागा. राहायची जागा सीएसएमटी किंवा फोर्ट भागात बघा, थोडी महाग पडली तरी चालेल, रोजची धावपळ वाचते. हॉटेलात खोली दुपारी मिळते, तोवर बॅगा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये.

रोज एकच मोठं ठिकाण. चार दिवसांत दहा जागा बसवणारी यादी करू नका, दुसऱ्याच दिवशी मुलं रडकुंडीला येतात.

पहिल्या दिवशी जेवून काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मग गेटवे, आणि अंधार पडताना मरीन ड्राइव्ह. दुसऱ्या दिवशी भायखळ्याला राणीची बाग. मुलांना पेंग्विन, आणि लागूनच असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय थोरांना. १८७२ मध्ये खुली झालेली ती इमारत आतून बघण्यासारखी आहे. दोन्ही बुधवारी बंद असतात, तेवढं वारावरून जुळवा. तिसरा दिवस वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राला. हाताळून पाहायच्या गोष्टी इतक्या आहेत की चार तास कमी पडतात. घारापुरी आम्ही या खेपेला वगळू. लाँचने जायला तास, यायला तास, वर सुमारे १२० पायऱ्या, आणि हेलकावणाऱ्या लाँचमधून चढउतार. दुखऱ्या गुडघ्यांना ते झेपणार नाही.

लोकलला घाबरू नका, वेळ सांभाळा. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ उपनगरांकडे जाणाऱ्या गाड्या सोडा. तुमचा पहिला प्रवास सीएसएमटी ते भायखळा, स्लो लोकलने, सकाळी अकरानंतर. गाडी तिथूनच सुटते म्हणून बसायला मिळतं आणि भायखळा तिसरंच स्टेशन. मशीद आणि सँडहर्स्ट रोड गेलं की उठून दाराकडे या. उतरताना थोरल्यांपैकी एक आधी, मग मुलं, मग दुसरं. चुकामूक झाली तर "आहेस तिथेच प्लॅटफॉर्मवर थांब" हे मुलांना गोव्यातच पाठ करून ठेवा आणि फोन नंबर खिशात चिठ्ठीवर द्या. रविवारी मेगाब्लॉक असतो, त्या दिवशी लोकल टाळलेली बरी. विज्ञान केंद्राला भुयारी मेट्रोने जा. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत धावते, सीएसएमटीला तिचं स्टेशन आहे आणि सासूबाईंना लिफ्ट मिळते. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत. काळीपिवळी टॅक्सी मीटरवर चालते. आपल्यासारखं आधी भाडं ठरवत बसायची गरज नाही, मीटर टाकायला सांगायचं.

खरेदी शेवटच्या दिवशी, रविवार सोडून. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, सीएसएमटीपासून चालत दहा मिनिटांवर. केकचे टिन, बटर पेपर, साचे, नोझल त्या परिसरात मिळतात. कापड हवं असेल तर जवळच मंगलदास मार्केट. पण निघण्याआधी घरचा ओव्हन आतून मोजून घ्या: रुंदी, खोली आणि मधल्या खणापासून वरच्या कॉइलपर्यंतची उंची. टिन चारही बाजूंनी अडीच सेंमी लहान हवा, नाहीतर गरम हवा फिरत नाही आणि केकच्या कडा करपून मधला भाग कच्चा राहतो. दुकानात मोजपट्टी घेऊनच जा. टिनवर लिहिलेलं माप पुष्कळदा वरच्या तोंडाचं असतं, बाहेर वळलेली कड त्यात धरलेली नसते.