24 वर्षांच्या घोड्याला वारंवार पोटशूळ होतो. कायमचा उपाय काय?

आपण लिहिले आहे की आपला घोडा 24 वर्षांचा आहे, वर्षभरात त्याला पाच वेळा पोटशूळ झाला, दर वेळी वेदनाशामक इंजेक्शन दिल्यावर तो तासाभरात उठून वैरण खाऊ लागला, आणि आता हे कायमचे थांबावे म्हणून कोणते औषध द्यावे, असे विचारले आहे. मी इंदूरला राहतो. राऊच्या पलीकडे आमची थोडी शेती आहे आणि तिथेच आमची घोडी सारंगा मी तिच्या 21व्या वर्षापासून 28व्या वर्षापर्यंत सांभाळली. मी पशुवैद्य नाही. पण पोटशूळाच्या बऱ्याच रात्री तिच्या ठाणावर कंदील घेऊन काढल्या आहेत, त्यामुळे आपली काळजी मला नीट कळते. दुखणे पाच वेळा परत आले याचा अर्थ त्याचे कारण पाचही वेळा जागच्या जागी राहिले. इंजेक्शनाने वेदना थांबते, कारण तसेच राहते. म्हणून औषध विचारण्याआधी त्या घोड्याचे तोंड उघडून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

हा आग्रह माझ्या स्वतःच्या चुकीतून आलेला आहे. दीड वर्ष मी सारंगाचे दुखणे वायूचे समजत राहिलो आणि औषधे देणारा जो माणूस येई, तोही इंजेक्शन देऊन जाई. एके दिवशी सकाळी गव्हाण झाडताना खाली वैरणीचे बोटभर लांबीचे, ओले, सुंभासारखे पिळलेले बोळे सापडले. एक बोळा उलगडून पाहिला, तर काड्या जशाच्या तशा होत्या. घोडीने त्या फक्त चघळून टाकल्या होत्या. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1955 पासूनचे आहे आणि आम्हाला जवळ आहे, म्हणून तिला तिथे नेले. तिथल्या डॉक्टरांनी जबडा उघडा ठेवणारा साचा लावून हात आत घातला, तेव्हा खालची एक दाढ हलत होती, तिच्या शेजारच्या फटीत वैरण सडून बसली होती, आणि वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा इतक्या धारदार झाल्या होत्या की गालाला आतून जखमा पडल्या होत्या. दाढ काढली, कडा कानशीने घासल्या, आणि त्यानंतरच्या वर्षात तिला एकदाच, तोही सौम्य, पोटशूळ झाला.

घोड्याच्या दाढा जन्मभर वर्षाला सुमारे 2 ते 3 मिलिमीटर वर सरकत राहतात आणि तितक्याच झिजतात. पंचविशीच्या आसपास मुळाशी फारसे काही शिल्लक उरत नाही. मग वैरण दळली न जाता लांब काड्यांच्या रूपात आत जाते, चावणे कमी झाल्याने लाळही कमी मिसळते, आणि हा कोरडा, भरड माल मोठ्या आतड्यात ओटीपोटाजवळ जे अरुंद वळण आहे तिथे येऊन तुंबतो. लीद लहान, कोरडी, शेवाळ्यासारख्या चिकट आवरणाची पडू लागली, किंवा तिच्यात बोटाच्या पेरापेक्षा लांब काड्या दिसू लागल्या, तर तुंबारा तयार होतो आहे असे समजावे. या वयात दाढा दर सहा महिन्यांनी तपासून घ्याव्यात.

आता खाण्याविषयी. आपण गव्हाचा भुसा देत असाल तर तो आधी बंद करावा. आमच्या मालव्यात तो स्वस्त आणि मुबलक म्हणून सर्रास दिला जातो, पण दात नसलेल्या जनावराच्या पोटात तुंबण्यासाठी त्याच्याइतका सोयीचा माल दुसरा नाही. सारंगाला मी लसूणघासाची आणि मऊ गवताची कुट्टी कोमट पाण्यात तासभर भिजवून देत असे, त्यात शिजवलेले जव आणि मूठभर शिजवलेले जवस. कोंडा थोडाच, कारण त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी. घोड्याचे जठर त्याच्या अंगाच्या मानाने लहान, 8 ते 15 लिटरचे असते, म्हणून दोन वेळच्या मोठ्या चंदीऐवजी दिवसातून पाच वेळा थोडे थोडे द्यावे. खाण्यातला कोणताही बदल दहा ते चौदा दिवसांत हळूहळू करावा. गाईम्हशींचे तयार पशुखाद्य मात्र कधीही देऊ नये. काही खाद्यांत मोनेन्सिन हे गुरांसाठी मिसळलेले औषध असते आणि त्याची थोडी मात्राही घोड्याचे हृदय निकामी करते.

पाण्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. चार-साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला 25 ते 50 लिटर पाणी लागते, आणि डिसेंबर-जानेवारीत इंदूरचे रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली गेले की टाकीचे गार पाणी म्हातारा घोडा तोंड लावून सोडून देतो. माझ्या वहीत सारंगाच्या दुखण्याच्या तारखा लिहिलेल्या होत्या. त्या एकाखाली एक वाचल्यावरच माझ्या ध्यानात आले की निम्म्याहून अधिक वेळा थंडीची पहिली लाट येऊन दोन-तीन दिवस झालेले असत. त्यानंतर मी बादल्या मोजू लागलो, पाणी कोमट करून ठेवू लागलो आणि चंदीत रोज 30 ग्रॅम मीठ घालू लागलो. अशी वही आपण आजच सुरू करावी: तारीख, हवा, काय खाल्ले, किती बादल्या प्याला, लीद कशी आणि किती वेळा पडली, कोणते औषध दिले.

वाळूचाही संशय घ्यावा. ठाणावर नर्मदेची वाळू पसरलेली होती आणि घोडी सांडलेली वैरण जमिनीवरून टिपत असे. जमिनीला न लागलेले लिदीचे पाच-सहा गोळे पारदर्शक बरणीत पाण्यात कालवून अर्धा तास ठेवले, तर तळाशी बसलेली वाळू दिसते. चमचाभर दिसली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दर महिन्याला आठवडाभर इसबगोल सुरू करावे. नीमच-मंदसौरच्या मंडीमुळे ते आमच्याकडे सहज मिळते. पण ठाणाची वाळू काढून टाकणे आणि वैरण रबरी चटईवर ठेवणे हा खरा उपाय आहे. जंतांचे औषधही अंदाजाने देऊ नये, आधी लिदीची तपासणी करून घ्यावी; फीतकृमींवर आयव्हरमेक्टिन चालत नाही, त्यासाठी प्रॅझिक्वांटेलसारखे वेगळे औषध लागते. सांधेदुखीसाठी घोड्याला वेदनाशामक रोज चालू असेल, तर जठरात आणि मोठ्या आतड्यात त्याचे व्रण पडून तेच पोटशूळाचे कारण झालेले असू शकते. हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

पुढचा झटका येईल तेव्हा सर्वप्रथम वैरण काढून घ्यावी आणि नाडी मोजावी. जबड्याच्या खालच्या कडेच्या आतील बाजूला बोटे टेकवली की दोरीसारखी धमनी हाताला लागते. निवांत घोड्याचे ठोके मिनिटाला 28 ते 44 असतात. हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परतायला हवा, आणि दोन्ही कुशींना कान लावला की आतड्यांची गुडगुड ऐकू यायला हवी. या तीन गोष्टी आधी मोजून मगच डॉक्टरांना फोन करावा, कारण नुसते ‘लोळतो आहे’ एवढे सांगण्यापेक्षा यातून त्यांना खूप कळते. दहा-पंधरा मिनिटे चालवायला हरकत नाही. पण तो शांत पडून राहिला असेल तर मारून उठवू नये आणि रात्रभर फिरवून थकवू नये. तेल, ओवा, हिंग यांचा काढा नळीने घशात ओतण्याची जुनी पद्धत आमच्या मोतद्दारालाही, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्या नोकरालाही, प्रिय होती. घोड्याला ओकारी करता येत नाही, आणि जबरदस्तीने ओतलेले तेल फुप्फुसात गेले तर न्यूमोनियाने जनावर जाते. तेल किंवा पाणी पाजायचे तर ते डॉक्टरांनी नाकावाटे जठरात नळी घालूनच, तेही आधी जठर तुंबलेले नाही हे पाहून. वेदनाशामकाचा दुसरा डोस त्यांना न विचारता देऊ नये.

एका शक्यतेबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. पंधरा वर्षांपुढच्या घोड्यांत आतड्याच्या पडद्यावर देठाची चरबीची गाठ वाढते आणि एके दिवशी तिचा देठ लहान आतड्याभोवती फास टाकतो. इंजेक्शन देऊनही तासाभरात वेदना परत आली, ठोके 60 च्या वर जाऊन तिथेच राहिले, हिरड्या विटकरी किंवा जांभळट झाल्या, पोट मुके झाले, तर त्यावर चंदी बदलण्याने काही होणार नाही; शस्त्रक्रिया तरी करावी लागते, नाही तर त्याला यातनांतून सोडवावे लागते. सारंगाची शेवटची रात्र अशीच होती. अशी शस्त्रक्रिया आपल्या भागात कुठे होते, तिथे पोचायला किती तास लागतात, गाडी कोणाची मिळेल आणि इतक्या वयाच्या घोड्याला आपण त्यातून नेणार का, हे आपल्या डॉक्टरांशी दिवसाउजेडी, घोडा धडधाकट असताना बोलून ठेवावे. मी हे आधी ठरवून ठेवले होते, म्हणून त्या रात्री डॉक्टर आल्यावर तिला अर्ध्या तासाहून अधिक सोसावे लागले नाही.

आपल्या घोड्याच्या दाढा शेवटच्या कधी पाहिल्या, त्याला सध्या कोणती वैरण चालू आहे आणि पाच झटक्यांचे महिने कोणते, एवढे कळवलेत तर कारण कुठे शोधावे याबद्दल अधिक नेमके लिहिता येईल.