एअर पिस्तुलाचे शॉट सतत डावीकडे खाली जातात. साइट फिरवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उजव्या हाताने १० मीटर एअर पिस्तूल, ग्रूप (लागलेल्या शॉटांचा पुंजका) रुपयाच्या नाण्यात मावेल इतका घट्ट, पण सगळा साडेसात वाजता (टार्गेट घड्याळ धरलं तर खाली-डावीकडे), आठ गुणांच्या रिंगमध्ये.

साइटला (नेम धरायच्या खुणेला) आज हात लावू नका. आधी दोष पिस्तुलाचा की हाताचा, हे ठरवा. टेबलावर वाळूची पिशवी ठेवा, मनगट आणि ग्रिपचा तळ तिच्यावर टेकवा (नळी किंवा हवेचा सिलिंडर टेकवायचा नाही) आणि नेहमीच्याच साइट-पिक्चरने (पुढची-मागची साइट आणि टार्गेट जसे जुळवता तसेच जुळवून) १० शॉट मारा. मग तेच पिस्तूल एखाद्या मुरलेल्या नेमबाजाला १० शॉटांसाठी द्या. डोळ्याडोळ्यात थोडा फरक पडतोच, पण दोन्ही ग्रूप साडेसातलाच बसले तर साइट हललेली आहे. टेकवून मारलेले मध्यावर आणि हातावरचे खाली-डावीकडे, तर हात बघा.

हाताच्या दोषात माझा पहिला संशय ट्रिगरवर. काडतुसाच्या पिस्तुलात धक्क्याच्या धास्तीने नळी खाली दाबली जाते. एअर पिस्तुलाला धक्का जवळजवळ नसतोच, त्यामुळे ते कारण इथे फारसं लागू नाही. इथे घडतं ते वेगळं. फ्रंट साइट (नळीच्या टोकाची) टार्गेटच्या काळ्या गोलाखाली डुलत असते, क्षणभर सगळं जुळतं, मन म्हणतं ‘आत्ता!’, आणि तर्जनीबरोबर उरलेली तीन बोटंही आवळली जातात. मनगट झुकतं, नळी डावीकडे वळते.

वळते कितीशी? दोन साइटमधलं अंतर ३२० मिमी धरा. फ्रंट साइट मागच्या (रिअर) साइटच्या खाचेत पाव मिलिमीटर सरकली की १० मीटरवर शॉट जवळपास ८ मिमी सरकतो, म्हणजे अख्खी एक रिंग. उलट साइट जुळलेल्या असताना सगळा हातच ८ मिमी डुलला, तर शॉटही फक्त ८ मिमीच हलतो. डुलणं डोळ्यांना दिसतं, पाव मिलिमीटर दिसत नाही, म्हणून बहुतेक जण डुलण्याशीच भांडत बसतात. नजर फ्रंट साइटच्या वरच्या कडेवर हवी, टार्गेट धूसरच दिसलं पाहिजे.

खात्री करायची तर साथीदाराला पिस्तूल भरायला सांगा. कधी पेलेट (छर्रा) घालायचं, कधी नाही, आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही. पेलेट नसलेल्या शॉटलाही फ्रंट साइट खाली-डावीकडे बुडाली, तर चोर सापडला. (हे पीसीपी, म्हणजे सिलिंडरात आधीच हवा भरलेल्या पिस्तुलावरच करा. स्प्रिंगचं पिस्तूल पेलेटशिवाय उडवलं तर पिस्टन आणि सील खराब होतात.)

मग बोट तपासा. ट्रिगरवर तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य टेकला पाहिजे आणि दाब सरळ मागे यायला हवा. बोटाचं मूळ आणि ग्रिपचं लाकूड यांत कागद सरकेल एवढी फट ठेवा. ती नसेल तर बोट वाकताना लाकडालाही रेटतं आणि नळी डावीकडे ढकलली जाते. बोट पोचत नसेल तर ट्रिगरचं पातं पट्टीवर मागे घ्या. नियमाने ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो, पण ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो, त्यातला मोठा वाटा पहिल्या टप्प्यात असू द्या. दुसरा टप्पा जड ठेवला की झटका मारायचा मोह होतो. ग्रिपची पकड हात उचलण्यापूर्वीच पक्की करा आणि शॉट सुटल्यावर दोन सेकंद तशीच राहू द्या. होल्ड बसल्यापासून (हात नेमावर स्थिरावल्यापासून) ७-८ सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली. मॅचमध्ये ६० शॉटांना ७५ मिनिटं असतात, म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट. घाई कशाची?

शॉट नुसतेच डावीकडे असतील, खाली नसतील, तर उभं राहणं बघा. डोळे मिटून हात उचला, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. पिस्तूल टार्गेटच्या डावीकडे थांबलं असेल तर मनगटाने ओढून आणू नका, मागचा पाय त्याच्या बोटांच्या दिशेने सरकवा. पण अगदी जरासा! पावलांत ४० सेंमी अंतर असेल तर अर्धा सेंमी सरकवल्यावर रोख १० मीटरवर साधारण १२ सेंमी फिरतो, आणि टार्गेटचा कागदच १७ सेंमीचा. पिस्तूल डावीकडे कललेलं असलं तरीही शॉट डावीकडे जातात.

शॉट कुठे लागला यावरून चूक सांगणारा, रेंजच्या भिंतीवरचा तो घड्याळासारखा तक्ता संशयापुरता ठीक. डावखुऱ्यांनी तो आरशात वाचायचा.

दोष साइटचाच निघाला तर १० शॉटांचं मध्यापासून डावीकडचं आणि खालचं अंतर वेगवेगळं मोजून सरासरी काढा, एका शॉटवरून स्क्रू फिरवू नका. रिअर साइट शॉट न्यायचा असेल त्या दिशेने सरकते, इथे उजवीकडे आणि वर. पण बऱ्याच जर्मन बनावटीच्या पिस्तुलांवर स्क्रूजवळचं अक्षर ‘शॉट तिकडे जात असेल तर असं फिरवा’ असं सांगतं, त्यामुळे नवखे हमखास उलटं फिरवतात. म्हणून आधी १० क्लिक (स्क्रूच्या खाचा) देऊन ५ शॉट मारा, ग्रूप किती मिमी आणि कुठे सरकला ते मोजा, आणि उरलेले क्लिक त्या हिशेबाने द्या.