पेज फॉल्ट हाताळून झाल्यावर टीएलबीतली जुनी नोंद आपण काढायची, की प्रोसेसर काढतो?

बी.ई.च्या तोंडी परीक्षेत मला जवळजवळ याच शब्दांत हा प्रश्न आला होता आणि माझं उत्तर चूक धरलं गेलं. मी तेव्हाही बरोबर होतो, आजही आहे. म्हणून सविस्तर लिहितोय. आधी तीन शब्द: पेज टेबल म्हणजे प्रोसेसचं कोणतं पान मेमरीतल्या कोणत्या तुकड्यात (फ्रेममध्ये) आहे आणि तिथे काय करायची परवानगी आहे याची यादी. टीएलबी म्हणजे त्या यादीतल्या काही नोंदींची प्रोसेसरने स्वतःजवळ ठेवलेली नक्कल. पेज फॉल्ट म्हणजे पान हजर नसलं किंवा परवानगी नसली की प्रोसेसर अडून ऑपरेटिंग सिस्टिमला बोलावतो तो प्रसंग.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता एक्सव्ही६ या शिकवण्यासाठी लिहिलेल्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या) आवृत्तीत कॉपी-ऑन-राइट फोर्क बसवणं. फोर्क म्हणजे चालू प्रोसेसमधून तशीच दुसरी प्रोसेस काढणं. फोर्कच्या वेळी पानांची नक्कल करायची नाही, आई-बाप आणि पोर अशा दोन्ही प्रोसेसची पानं फक्त वाचण्यापुरती ठेवायची, कोणी लिहायला गेलं की फॉल्ट येईल, तेव्हा नक्कल करायची. कोड दोन दिवसांत झाला. नंतरचे तीन आठवडे पोर प्रोसेस मधूनच ट्रॅप १४ देऊन मरायची. ट्रॅप १४ म्हणजे पेज फॉल्ट, म्हणून आम्ही चौघं फॉल्ट हँडलरच्याच, म्हणजे फॉल्ट हाताळणाऱ्या कोडच्याच, मागे लागलो. एप्रिलचं सोलापूर, खोलीत बसवत नाही, रात्री गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसायचो. फोर्कमध्ये छापायची एक ओळ टाकली की सगळं सुरळीत, काढली की पुन्हा मरण.

माझे वडील अशोक चौकाजवळ यंत्रमाग चालवायचे. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, त्यावरून पुठ्ठ्याचे पत्ते पाडतात आणि ते पत्ते जेकार्डवर चढतात. माग कागद वाचत नाही, पत्ते वाचतो. त्या आठवड्यात कुणीतरी कागदावर काठ बदलला आणि मागावर जुनेच पत्ते चालू राहिले. वडील कामगाराला म्हणाले, "कागद बदलून काय होतंय, वर पत्ते जुनेच हायत की!" मी तिथून थेट लॅपटॉपकडे गेलो.

फोर्कमध्ये आम्ही आई-बाप प्रोसेसच्या पेज टेबलातला लिहिण्याचा बिट काढला होता, पण टीएलबीत 'लिहायला परवानगी आहे' ही शिळी नोंद तशीच होती. फोर्कमधून परत आल्यावर ती प्रोसेस स्टॅकवर बिनधास्त लिहायची. फॉल्ट यायचाच नाही. स्टॅकचं पान अजून सामायिक, त्यामुळे पोर जागी व्हायची ती बिघडलेल्या स्टॅकवर. छापायच्या ओळीत वेळ जायचा, तेवढ्यात टायमरचा इंटरप्ट येऊन प्रोसेस बदलायची, परतताना सीआर३ (पेज टेबल कुठे आहे ते सांगणारा प्रोसेसरचा रजिस्टर) पुन्हा भरला जायचा आणि टीएलबी आपोआप साफ. म्हणून ती ओळ असली की बग गायब. उपाय एका ओळीचा: पानं वाचण्यापुरती केल्यावर तिथेच सीआर३ पुन्हा भरणं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती ओळ पाहिली आणि म्हणाले, "फॉल्ट आला की प्रोसेसर स्वतःच नोंद काढतो, ही ओळ फालतू आहे." इंटेलच्या प्रोसेसरबाबत त्यांचं पहिलं वाक्य खरं आहे, पण ते ज्या पत्त्यावर फॉल्ट आला तेवढ्यापुरतं. आमची अडचणच ही होती की फॉल्ट येतच नव्हता. त्यातही फॉल्ट आल्यापासून तुम्ही पेज टेबल बदलेपर्यंत जुनी नोंद टीएलबीत परत चढू शकते, कारण पेज टेबलात ती अजून वैध असते. म्हणून नक्कल करून नवी फ्रेम लावली की इन्व्हीएलपीजी (टीएलबीतून एका पत्त्याची नोंद काढणारी सूचना) द्यायचीच. इंटेलच्या ४८६ प्रोसेसरपासून ती सूचना आहे, एका पत्त्यासाठी सगळी टीएलबी रिकामी करायची गरज नाही.

तेव्हा फॉल्टनंतर फ्लश (टीएलबीतली जुनी नोंद काढणं) हा नियम डोक्यातून काढा. आधी वैध असलेल्या नोंदीची परवानगी कमी केली, किंवा तिच्यामागची फ्रेम बदलली वा काढून घेतली, की फ्लश अटळ. आधी पान नव्हतंच आणि आता आणलं, तर एक्स८६वर काही करायला नको, कारण 'पान हजर नाही' ही गोष्ट तिथे टीएलबीत साठवली जात नाही. परवानगी फक्त वाढवली तर फार तर एक फुकटचा फॉल्ट येतो. काढलेली फ्रेम मात्र फ्लश होण्याआधी दुसऱ्या कुणाला देऊ नका, नाहीतर एकाची शिळी नोंद दुसऱ्याचा डेटा वाचते. लिनक्स पानं मोकळी करताना हाच क्रम पाळतं.

हे सगळं प्रोसेसरच्या एका कोअरचं झालं. त्याच प्रोसेसचे थ्रेड (एकच मेमरी वापरून समांतर चालणारी कामं) दुसऱ्या कोअरवर चालत असतील तर तिथली टीएलबी तुमच्या इन्व्हीएलपीजीने साफ होत नाही, एक्स८६वर सहसा इंटरप्ट पाठवून त्या कोअरकडूनच करून घ्यावी लागते. एक्सव्ही६मध्ये थ्रेड नाहीत म्हणून आम्ही सुटलो. आणि रिस्क-व्ही जातीच्या प्रोसेसरवर माझं 'काही करायला नको' चालणार नाही: तिथे अवैध नोंदही साठवायची मुभा आहे, म्हणून नवं पान आणल्यावरही एसफेन्स (तिथली टीएलबी साफ करायची सूचना) लागू शकतं. आर्म प्रोसेसरवर चालू नोंदीची फ्रेम बदलायची तर आधी नोंद अवैध करा, फ्लश करा, मगच नवी लिहा.

तुमचा कोड कॉपी-ऑन-राइटचा असेल तर हँडलर बाजूला ठेवा आणि आधी फोर्क उघडून बघा.