अपंग हक्कांचं काम: एलएलबी, एमएसडब्ल्यू की पब्लिक पॉलिसी?

पत्र थोडक्यात असं: परभणीहून लिहिणारी विद्यार्थिनी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. धाकटा भाऊ अकरावीत, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे आणि तो व्हीलचेअर वापरतो. त्याच्या अनुदानित कॉलेजने रॅम्प बांधलाय, पण त्यावरून खुर्ची चढत नाही. रोज दोन मित्र त्याला उचलून वर नेतात. ‘अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेत काम करायचं आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करू, एलएलबी (कायद्याची पदवी) करू की पब्लिक पॉलिसी (सार्वजनिक धोरणाचा अभ्यास)? बाबा म्हणतात, समाजसेवेवर पोट भरत नाही, एमपीएससीचा क्लास लाव.’

प्रिय विद्यार्थिनी,

तू तीन पदव्यांची नावं लिहिलीस, पण या संस्थांमध्ये सकाळी दहाला टेबलाशी बसल्यावर माणसं नेमकं काय करतात, हे पत्रात कुठेच नाही. ते कळलं की पदवीचा प्रश्न बराचसा सुटतो. बाहेरून सगळ्याच ‘हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था’ दिसतात, आतली कामं मात्र एकमेकांपासून फार वेगळी आहेत.

पहिलं काम कोर्टातलं. दिल्लीच्या ह्यूमन राइट्स लॉ नेटवर्कसारख्या संस्था अपंगांचे खटले चालवतात. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा फेब्रुवारी २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाच. या उमेदवाराला हाताने लिहिणं जमत नव्हतं, पण त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या अटीत बसत नव्हतं, म्हणून आयोगाने लेखनिक नाकारला. आरक्षणासाठीची ४० टक्क्यांची अट लेखनिक देताना लावता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. एका उमेदवाराच्या प्रकरणातून देशभरच्या परीक्षांचा नियम हलला. ज्याला हे काम करायचं त्याला एलएलबी आणि वकिलीची सनद (परवाना) लागतेच, त्याला पर्याय नाही.

दुसरं काम धोरणाचं. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला तेव्हा १९९५ च्या कायद्यातले अपंगत्वाचे ७ प्रकार २१ झाले आणि सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ वरून ४ टक्क्यांवर गेलं. अशा बदलांमागे मसुदे, निवेदनं, समित्यांपुढच्या साक्षी अशी वर्षानुवर्षांची मेहनत असते. दिल्लीची एनसीपीईडीपी (अपंगांच्या रोजगारासाठी आणि हक्कांसाठी काम करणारी संस्था) आणि विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी, हैदराबादच्या नालसार या विधी विद्यापीठातलं अपंगत्व अभ्यास केंद्र ही या कामाची ठिकाणं. राजीव रातुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांना इमारती आणि सेवा सहज वापरता येण्याच्या, स्थितीचा अहवाल या नालसार केंद्राकडून मागवला. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालय म्हणालं, की या कायद्याखालच्या केंद्र सरकारच्या नियमावलीतला नियम १५ नुसत्या शिफारशी करतो आणि कायद्याला तर सक्तीचे निकष अपेक्षित आहेत, म्हणून तो नियम टिकत नाही. न्यायालयापुढे भक्कम अहवाल असला की निकालाला किती धार येते, ते यात दिसतं. इथे लागतं ते लेखन: कलमवार, आकड्यांसकट, दिलेल्या मुदतीत. २०१४ च्या केंद्र सरकारच्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा लोकांपुढे निदान ३० दिवस ठेवणं अपेक्षित आहे. त्या ३० दिवसांत ‘हे विधेयक अन्यायकारक आहे’ असं लिहिणारे शेकडो असतात. ‘कलम अमुकमध्ये हा शब्द काढा, हा घाला, कारण असं’ हे लिहिणारे फार थोडे, आणि नोकरी त्यांना मिळते.

तिसरं काम माणसांच्या जवळचं: यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र), लेखनिक, शिष्यवृत्ती, एसटीची सवलत, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांच्या पुण्यातल्या कार्यालयात तक्रार. एमएसडब्ल्यू झालेल्यांना इथे घेतात. यात एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घे, कारण नवखे कार्यकर्ते इथेच खचतात. राज्य आयुक्तांना चौकशीत साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, पण शेवटी ते जे देतात ती शिफारस असते. संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कारवाई करून कळवायचं, किंवा शिफारस का मानत नाही ते कळवायचं. चौथ्या महिन्यात पाठपुरावा करणारं कोणी नसेल तर ती फाइल तिथेच राहते. म्हणून अनुभवी कार्यकर्त्याच्या वहीत तारखा आधी असतात, बाकी सगळं नंतर.

चौथं काम तांत्रिक: इमारती, वेबसाइट आणि अ‍ॅप तपासणं, सांकेतिक भाषेचे दुभाषी. त्याचा रस्ता वेगळा आहे, तुझ्या पत्रात तसा कल दिसत नाही, म्हणून इथे थांबते. मात्र मोजमाप करायला शीक, कारण बाकीच्या तिन्ही कामांत ते लागतं.

तुझ्या भावाच्या रॅम्पचंच बघ. दाराशी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर चढायची उंची झाली ४५ सेंटिमीटर. मानक उतार १:१२, म्हणजे उंचीच्या बारा पट लांबी. रॅम्प ५ मीटर ४० सेंटिमीटर हवा. प्रत्यक्षात होतं असं, की पायऱ्यांपुढे दोन मीटर जागा मोकळी असते, गवंडी तेवढ्यातच सिमेंट ओततो आणि उतार १:४.५ च्या आसपास जातो. त्यावर स्वतःच्या हाताने खुर्ची चढवणं अशक्य, आणि मागून ढकलली तरी पुढची छोटी चाकं उचलली जाऊन खुर्ची मागे उलटण्याची भीती. वर दारापुढे दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा नसेल तर दार उघडताना खुर्ची मागे घरंगळते. कठडा दोन्ही बाजूंना हवा. कॉलेजच्या अहवालात मात्र ‘रॅम्प: आहे’ अशी खूण झालेली असते.

एक टेप घे, भावाला बरोबर घे. पायऱ्यांची एकूण उंची, रॅम्पची जमिनीवरची लांबी, दाराची मोकळी रुंदी (९० सेंटिमीटर हवी), वरची सपाट जागा हे सगळं मोज. फोटोत टेपवरचा आकडा दिसला पाहिजे. मग एका पानाचा अर्ज. ‘सोय करून द्यावी ही नम्र विनंती’ एवढंच लिहिलेले अर्ज कपाटात जातात, कारण त्यांना उत्तर द्यायची मुदत कोणावरच नसते. तुझ्या अर्जात मोजलेले आकडे आणि मानक आकडे शेजारी-शेजारी हवेत. २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेने इमारत सुगम्य करायची आहे, आणि कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारतींसाठीची पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्येच संपली आहे, हेही लिही. कॉलेज अनुदानित असल्याने कायद्याच्या व्याख्येत ते सरकारी आस्थापनेत येतं. म्हणून कलम २३ नुसार तिथे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, आणि तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हायला हवी. त्यावर समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे. अर्ज आवक-जावकला दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धर.

अधिकारी नेमलेलाच नाही असं कळलं तर माहिती अधिकाराचा अर्ज कर. १० रुपये फी, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला हवा. भावनेच्या भरात लांबलचक लिहिलेले अर्ज याच मुद्द्यावर अडतात. ‘का केलं नाही?’ असं विचारू नकोस, माहिती अधिकारात कारणांची चर्चा होत नाही. ‘नियुक्ती आदेशाची प्रत द्यावी’ असं माग. कागद मागितला की कागद येतो, नाहीतर ‘उपलब्ध नाही’ असं लेखी येतं, आणि तेही पुढे कामाला येतं.

आता पदवीचं. तुझ्यासाठी मी एलएलबी सुचवेन. बी.ए. नंतर तीन वर्षं, प्रवेश एमएच-सीईटी लॉ मधून. राज्यशास्त्राचा पाया आहेच. दुसरं कारण पैशाचं आहे आणि बाबांच्या शंकेचं उत्तर त्यातच आहे. या संस्थांमधल्या बहुतेक जागा एखाद्या अनुदानावर उभ्या असतात. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेने आपल्या निधीतून लहान संस्थेला पैसे देणं बंद झालं. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी बहुधा व्हीलचेअर वाटप, शिबिरं अशा दाखवता येणाऱ्या कामांकडे जातो, खटले आणि धोरणासाठी क्वचितच. म्हणून दोन-तीन वर्षांचा प्रकल्प संपला की जागा संपते. अशा वेळी सनद हाताशी असलेल्याला वकिली करता येते. एमएसडब्ल्यू वाईट नाही, पण तो आधार त्यात नाही. पब्लिक पॉलिसीची पदवी नोकरीचा थोडा अनुभव घेऊन, शिष्यवृत्ती मिळाली तर कर. धोरणाची गोडी आहे का ते बघायला पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या दिल्लीच्या संस्थेची लॅम्प फेलोशिप चांगली: २५ वर्षांपर्यंतच्या पदवीधरांना साधारण ११ महिने एका खासदाराबरोबर संसदेच्या कामाचं संशोधन करायला मिळतं.

एमपीएससीलाही मी नाही म्हणणार नाही. समाजकल्याण खात्यातली अधिकारीपदं त्यातूनच भरली जातात, आणि अपंगांचा कायदा माहीत असलेला अधिकारी खुर्चीवर असणं ही छोटी गोष्ट नव्हे. मात्र किती प्रयत्न ते बाबांबरोबर आधीच ठरवा आणि ते लिहून ठेवा.

मुलाखतीला गेलीस की बिचकू नकोस, विचार: या जागेचा पगार कोणत्या निधीतून, तो कधी संपतो, भविष्यनिर्वाह निधी कापता का? आणि एक प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: तुमच्या कार्यकारिणीवर अपंग व्यक्ती किती? अपंगांसाठी चालवलेली संस्था आणि अपंगांनी चालवलेली संस्था यांत फरक आहे. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही धोरणं ठरवताना अपंगांच्या संघटनांना सामील करून घ्यायची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. तू बहीण आहेस. तुझा अनुभव खरा आहे, पण रोज उचललं जाणाऱ्याचा अनुभव वेगळा. मित्रांच्या हातावर वर जाताना त्याला काय वाटतं, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. कदाचित विचारलंही नसशील. टेप घेऊन निघण्याआधी ते विचार. तक्रार करायची की नाही हे त्याला ठरवू दे, तो हो म्हणाला तर अर्ज त्याच्या नावाने, पहिली सही त्याची, सज्ञान नसेल तर खाली पालकांची.

ही फाइल शेवटपर्यंत गेली, मग रॅम्प तुटून नवा होवो की तक्रार आयुक्तांपर्यंत जावो, की या संस्थांतल्या इंटर्नशिपच्या अर्जाला तीच जोड: मोजमापाचं पान, अर्ज, पोच, आलेलं उत्तर आणि अर्ध्या पानाचं इंग्रजी टिपण. मराठीत तक्रार आणि इंग्रजीत टिपण दोन्ही नीट लिहिणारी माणसं या संस्थांना सतत हवी असतात. पाठवण्याआधी भावाची परवानगी घे आणि प्रतींवरचं त्याचं नाव, कॉलेजचं नाव आणि यूडीआयडी क्रमांक काळ्या शाईने झाकून टाक.