वाचकांचे प्रश्न : हप्ता महिन्याचा, करार वर्षाचा

प्रश्न : मी लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. ऑक्टोबरमध्ये एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं महिना २,००० रुपयांचं सबस्क्रिप्शन घेतलं. मेमध्ये सीझन आटोपला. पावसाळ्यात काम नसतं, म्हणून जूनचा हप्ता कापला जाण्याआधी ते बंद करायला गेलो, तर स्क्रीनवर ४,००० रुपये ‘अर्ली टर्मिनेशन फी’ दिसली. पैसे महिन्याच्या महिन्याला भरतोय, मग हा दंड कशाचा? आणि तो भरावा का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : हप्ता महिन्याचा असला तरी तुम्ही करार बारा महिन्यांचा केला आहे. पैसे भरण्याच्या पानावर साधारण तीन पर्याय असतात : निव्वळ मासिक, वार्षिक पण मासिक हप्त्याने, आणि वार्षिक एकरकमी. मधला पर्याय बहुतेक वेळा आधीच निवडलेला असतो. त्यातला महिन्याचा आकडा निव्वळ मासिकपेक्षा कमी दिसतो, आणि दंडाची अट एखाद्या छोट्या चिन्हामागे किंवा लिंकमागे असते. ती किमतीइतक्याच ठळक अक्षरांत असायला हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत जून २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या शिफारशीवरून फोटोशॉप बनवणाऱ्या अ‍ॅडोबी कंपनीवर सरकारी दावा दाखल झाला, तो याच मुद्द्यावर : वार्षिक कराराची आणि दंडाची माहिती ग्राहकाला ठळकपणे दिली नाही, असा आरोप त्यात होता.

या प्रकारच्या करारात दंडाची रूढ पद्धत अशी : पहिल्या १४ दिवसांत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत, त्यानंतर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम. तुमचे चार हप्ते उरलेत, म्हणजे ८,०००, त्याचे निम्मे ४,०००. हिशेब बरोबर आहे.

आता भरावा का? सप्टेंबरपर्यंत सॉफ्टवेअर उघडणारच नसाल, तर आजच रद्द करा. थांबल्याने काहीच वाचत नाही. एक महिना थांबलात तर २,००० जातात आणि दंड फक्त १,००० ने उतरतो. अल्बमची कामं जुलैपर्यंत चालणार असतील तर मात्र तेवढे हप्ते भरून मग रद्द करा. दिवस निवडताना बिलाची तारीख बघा. तिच्या दोन-तीन दिवस आधी रद्द करा, एक दिवस उशीर झाला तर आणखी एक हप्ता जातो. आणि करार चालू ठेवलात तर ऑक्टोबरमध्ये तो आपोआप आणखी एका वर्षासाठी सुरू होईल. सप्टेंबरची आठवण मोबाइलमध्ये आजच लावून ठेवा.

पुढच्या सीझनसाठी निव्वळ मासिक घ्यावं का, हा खरा प्रश्न आहे. समजा त्याचा दर ३,२०० आहे. पाच महिने वापरलं तर १६,००० होतात. वार्षिक घेऊन पाच महिन्यांनी दंड भरून सोडलं तर १०,००० अधिक ७,०००, म्हणजे १७,०००. इथे मासिक स्वस्त. सहा महिन्यांना मासिकचे १९,२००, तर दंडासह वार्षिकचे १८,०००. आठ महिन्यांना २५,६०० विरुद्ध २०,०००. म्हणजे ऑक्टोबर ते मे वापरणाऱ्याला दंड धरूनही वार्षिकच परवडतं. फक्त नोव्हेंबर-डिसेंबरच्या लग्नांपुरतं हवं असेल तर मासिक घ्या. तुमच्या सॉफ्टवेअरचे खरे दर घालून हा हिशेब पुन्हा करा.

रद्द करण्याआधी क्लाउडमधले मूळ फोटो हार्ड डिस्कवर उतरवा. सबस्क्रिप्शन संपलं की क्लाउडची जागा कमी होते. अर्धवट एडिट केलेल्या कामांच्या अंतिम फाइल्सही काढून ठेवा, कारण प्रोजेक्ट फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये धड उघडेलच असं नाही. मग कंपनीच्या चॅटवर दंड माफ करण्याची मागणी करा. तिथे बहुधा ‘दोन महिने मोफत’ अशी ऑफर येते. ती घेण्याआधी करार संपण्याची तारीख पुढे जाते का, हे लेखी विचारा. सगळ्या चॅटचा स्क्रीनशॉट ठेवा.

अट तुम्हाला नीट दाखवलीच नव्हती असं वाटत असेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून तक्रार करता येते. केंद्राच्या २०२३च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाची दिशाभूल करणारी ऑनलाइन रचना) नियमावलीत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’चा उल्लेख आहे : रद्द करण्याचा पर्याय लपवणं किंवा ती प्रक्रिया किचकट करणं त्यात येतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारा करार ‘अनुचित’ ठरू शकतो, पण त्या मुद्द्यावरचा दावा पणजीच्या राज्य ग्राहक आयोगापुढे जातो. सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा आयोग आहे : उत्तर गोव्याचा पर्वरीला, दक्षिण गोव्याचा मडगावला. कंपनी परदेशातली असली तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार दाखल होते, मुदत दोन वर्षांची. ‘धंद्यासाठी घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असं कंपनी म्हणेल. स्वतः काम करून पोट भरणाऱ्याला कायद्यातच त्यातून सूट आहे, ते उत्तरात लिहा.

प्रश्न : दंड भरायचा नव्हता म्हणून बँकेच्या ॲपमधून ऑटो-पे काढून टाकलं. आता कंपनीचे थकबाकीचे ईमेल येताहेत. सुटका झाली ना?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. ऑटो-पे काढल्याने पैसे जायचे थांबतात, करार तसाच राहतो. ऑटो-पे काढणं हा तुमचा हक्क आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ई-मँडेट, म्हणजे ऑटो-पेला दिलेली परवानगी, केव्हाही ऑनलाइन मागे घेता येतो, आणि प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना यायलाच हवी. १५,००० रुपयांपर्यंतच्या सबस्क्रिप्शनच्या कपातीला ओटीपी लागत नाही, म्हणून ती सूचना वाचायची सवय लावा. पण आधी कंपनीच्या खात्यात जाऊन करार रद्द करा, रद्द झाल्याचा ईमेल आला की मगच मँडेट काढा. क्रम उलटा झाला की थकबाकी साचते, खातं बंद होतं आणि क्लाउडमधल्या फाइल्स अडकतात. तुम्ही आज ईमेलने लेखी कळवा : या तारखेपासून सेवा नको, दंडाची रक्कम मान्य नाही, हिशेब पाठवा. विदेशी कंपन्या ओटीपीशिवायही कार्डातून पैसे कापू शकतात, म्हणून कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवा.

प्रश्न : आमच्या होमस्टेसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेसची सहा खाती वर्षाच्या करारावर घेतली आहेत. पावसात चार माणसं कमी असतात. खाती कमी करता येतील?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : मधेच नाही. वार्षिक करार सुरू झाल्यावर किंवा त्याचं नूतनीकरण झाल्यावर सात दिवसांच्या आतच खाती कमी करता येतात. त्यानंतर पूर्ण वर्षाचे पैसे लागतात. नूतनीकरणाच्या वेळी दोन खाती वार्षिक ठेवा, उरलेली चार मासिक घ्या. मासिकचा दर चढा असतो, पण जून ते सप्टेंबर ती बंद ठेवता येतील.

प्रश्न : ट्रायल संपायच्या आधी मोबाइलमधून ॲप काढून टाकलं, तरी पैसे गेले.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ॲप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये स्वतःच्या फोटोवर टॅप करून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर असलेल्या आपल्या नावात ‘सबस्क्रिप्शन्स’ आहे. आयफोनवर ट्रायल संपण्याच्या किमान एक दिवस आधी रद्द करावं लागतं. गेलेले पैसे परत मागायचे तर प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत अर्ज करा, नंतर ॲप बनवणाऱ्या कंपनीकडे जावं लागतं.