ना-हरकतीची वाट पाहण्यात मुदत घालवू नका

औषधांचा होलसेल परवाना हातात असूनही एका वाचकाला कंपनीने स्टॉकिस्ट म्हणून नेमण्यास ई-मेलने नकार दिला, कारण जिल्हा केमिस्ट संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हते. तेव्हापासून ते संघटनेलाच विनंतीपत्रे लिहीत आहेत, आणि आता दाद कोठे मागावी असे विचारतात. याच अर्थाची पत्रे अनेकांकडून येतात.

ही अट बेकायदेशीर आहे का, यावर मी थांबत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने गोव्यातील केमिस्ट संघटनेच्या प्रकरणात २०१२ मध्ये आणि त्यानंतरही वेळोवेळी ती स्पर्धा कायद्याच्या कलम ३ विरुद्ध ठरवली आहे. आपले प्रकरण अडणार आहे ते कलम १९ पाशी. २०२३ च्या दुरुस्तीनुसार दाव्याचे कारण घडल्यापासून तीन वर्षांच्या आत आयोगाकडे तक्रार दाखल व्हावी लागते, आणि आपल्या ई-मेलला पुढील महिनाअखेर तीन वर्षे पूर्ण होतात. ज्यांनी वाट अडवली त्यांच्याच दारात इतका काळ अर्ज घेऊन उभे राहण्याची काहीच गरज नव्हती. पुरेसे कारण दिल्यास आयोग विलंब माफ करू शकतो, परंतु पत्रव्यवहार चालू होता हे कारण पुरेसे ठरेल, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. कंपनीकडे आज नव्याने अर्ज करून लेखी उत्तर अवश्य मागा, मात्र नव्या नकाराने मुदत नव्याने सुरू होईल या भरवशावर राहू नका.

तक्रारीत केवळ स्वतःचे नुकसान मांडू नका. गावात दुसरा स्टॉकिस्ट आला असता, तर मेडिकल दुकानदारांना भाव ताडून पाहता आला असता आणि रोज मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णापर्यंत काही सवलत पोहोचण्याची शक्यता होती. नव्या व्यापाऱ्याला अडवले गेले का आणि ग्राहकाला काय मिळाले, हे दोन्ही आयोगाने पाहावयाचे मुद्दे आहेत, म्हणून दुकानदारांकडील खरेदीची बिले जोडा.

आयोगाने केलेला दंड सरकारजमा होतो. भरपाईसाठी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे कलम ५३-एन खाली वेगळा अर्ज करावा लागतो, तोही उल्लंघन सिद्ध झाल्यावर, आणि अपिले वर्षानुवर्षे रेंगाळतात, ही या कायद्याची सर्वांत दुःखद बाजू आहे. म्हणून गाळ्याचे भाडे आणि कर्जाचे हप्ते यांच्या पावत्या आजपासूनच तारीखवार लावून ठेवा.